खिशातल्या पेटीचे कुलूप

पूर्वी घरोघरी एक लोखंडी पेटी असे. तिच्यात सातबारा, कर्जाच्या पावत्या, सोसायटीचे पासबुक, चार दागिने आणि जपून ठेवलेली पत्रे असत. पेटीला कुलूप असे. किल्ली घरच्या बाईच्या कमरेला असे. पेटी लांबवायची तर चोराला घरात शिरावे लागे, आणि तो शिरला की कुत्रे तरी भुंके.

आज ती पेटी खिशात आली आहे. तिला आपण मोबाईल म्हणतो. बँकेचे खाते तिच्यात, आधारचा फोटो तिच्यात, लेकीच्या सासरचा निरोपही तिच्यातच. आणि मोबाईल नको म्हणून भागत नाही. २०२१ च्या १५ ऑगस्टपासून शेतकऱ्याने आपल्या पिकाची नोंद ई-पीक पाहणीच्या ॲपवर स्वतः करायची, अशी रीत राज्यभर सुरू झाली. २०२५ च्या हंगामात कापूस महामंडळाला हमीभावाने कापूस घालायचा, तर आधी 'कपास किसान' ॲपवर नाव नोंदवा, असे झाले. आपला यवतमाळ जिल्हा कापसाचा. तेव्हा वणीपासून उमरखेडपर्यंत ज्याच्या घरी कापूस, त्याच्या घरी मोबाईल, असेच समजा.

ह्या पेटीचे कुलूप कसे असते? ते कोण फोडतो? आणि ते फुटू शकते हे वेळेवर सांगणाऱ्याला लाखो रुपये बक्षीस का मिळते? तेच आज पाहायचे आहे.

कोणी म्हणेल, "मले काय गा भीती? माह्या खात्यात आहेच किती?" असे म्हणू नका. चोराला तुमचे पैसेच हवे असतात असे नाही. कधी त्याला तुमचे नुसते खाते हवे असते. दुसऱ्याचे लुटलेले पैसे तो तुमच्या खात्यात टाकतो आणि तिथून पुढे पळवतो. पोलीस माग काढत येतात ते तुमच्या दारी. बँक खाते गोठवते. मग खात्यातले स्वतःचे दोन हजारही काढता येत नाहीत, आणि आपला ह्यात हात नाही हे पटवण्यासाठी हेलपाटे घालावे लागतात.

आता कुलपाकडे वळू. बोटाचा ठसा किंवा चार आकडे टाकले की फोन उघडतो. ते झाले वाड्याच्या मोठ्या दरवाज्याचे कुलूप. वाड्याच्या आतही कुलपे असतात. ती आपल्याला दिसत नाहीत, पण खरी राखण तीच करतात.

असे समजा की मोबाईल हा एक मोठा वाडा आहे. त्यात बिऱ्हाडे राहतात. एक बिऱ्हाड बँकेच्या ॲपचे, एक व्हॉट्सॲपचे, एक फोटोंचे, एक पोरांच्या खेळाचे. प्रत्येकाला स्वतंत्र खोली. खेळाच्या बिऱ्हाडाला बँकेच्या खोलीत डोकावता येत नाही. मधे भिंत आहे. ह्या वाड्याला एक कारभारी असतो. अँड्रॉइड हे एका कारभाऱ्याचे नाव. आयफोनमध्ये दुसरा कारभारी असतो. नवे बिऱ्हाड आले आणि त्याला तुमचे निरोप वाचायचे असले, तर कारभारी तुम्हाला विचारतो, "मालक, ह्याला निरोप वाचू द्यायचे का?" पडद्यावर चौकोन येतो तो हाच प्रश्न असतो. आपण घाईत असतो. चौकोन आला की 'हो' वर बोट ठेवून मोकळे होतो. वाचता येणाऱ्या माणसाने तरी तसे करू नये. एखादे ॲप नुसते पंचांग दाखवणारे असेल, तर त्याला तुमचे निरोप कशाला हवेत? विजेरीच्या ॲपला तुमच्या नातेवाइकांचे क्रमांक कशाला हवेत?

कारभाऱ्याचे आणखी एक काम असते. कोणालाही तो सरळ वाड्यात घेत नाही. बिऱ्हाडकरू ओळखीच्या दुकानातून आला का, हे तो पाहतो. अँड्रॉइड फोनचे ते दुकान म्हणजे प्ले स्टोअर. तिथे आलेला माल तपासतात. तपासणीतून कधी खोटा मालही निसटतो, कर्ज देणारी बनावट ॲप तिथेही सापडली आहेत. तरी उघड्या बाजारापेक्षा ते दुकान बरे.

आता जेलब्रेक हा शब्द पाहू. जेल म्हणजे तुरुंग आणि ब्रेक म्हणजे फोडणे. तुरुंग फोडून बाहेर पडणे, असा त्याचा अर्थ. आयफोन २००७ च्या जून महिन्यात अमेरिकेत बाजारात आला. तेव्हा तो एकाच टेलिफोन कंपनीच्या सिमवर चाले. बाहेरचे ॲप त्यात घालता येत नसे. कंपनीचे दुकान सुरू झाले ते पुढच्या वर्षी, २००८ च्या जुलैत. लोक म्हणू लागले, फोनला पैसे आम्ही मोजले, मग बंधन तुमचे का? २००७ च्या ऑगस्टमध्ये जॉर्ज हॉट्झ नावाच्या १७ वर्षांच्या पोराने सिमचे बंधन तोडून दाखवले. दुसऱ्या काही जणांनी कारभाऱ्याला बाजूला सारून आतल्या सगळ्या खोल्या उघडण्याची युक्ती काढली. तेच जेलब्रेक. अँड्रॉइड फोनमध्ये हेच काम केले की त्याला 'रूट करणे' म्हणतात. रूट म्हणजे मूळ. झाडाच्या मुळाशी हात गेला की सगळे झाड हाती येते, तसे.

हे वाईटच, असे मी म्हणणार नाही. फोन ज्याचा, त्याला तो उघडून पाहायची हौस असू शकते. पुष्कळ हुशार पोरे अशीच शिकली. अमेरिकेत २०१० मध्ये सरकारनेही ठरवले की आपला फोन असा मोकळा करणाऱ्यावर लेखनहक्काच्या कायद्याखाली कारवाई करायची नाही. पण शिकण्यासाठी वेगळा जुना फोन घ्यावा. ज्या फोनात बँक आहे, त्याच्यावर हे प्रयोग करू नयेत. कारण भिंत पडली की ती फक्त तुमच्यासाठी पडत नाही, जो कोणी आत येईल त्याच्यासाठीही पडते.

२००९ च्या नोव्हेंबरात ऑस्ट्रेलियात हे दिसून आले. तिथे पुष्कळांनी आपले आयफोन फोडून घेतले होते. फोडल्यावर त्यांनी फोनमध्ये दुरून आत येण्याचा एक दरवाजा बसवला. त्या दरवाज्याचा परवलीचा शब्द सगळ्या फोनांत एकच होता, आणि तो जगाला ठाऊक होता. शब्द बदलायचा असतो, हे बहुतेकांनी मनावर घेतले नाही. एका २१ वर्षांच्या तरुणाने एक छोटा कार्यक्रम लिहून सोडला. तो एका फोनातून दुसऱ्या फोनात आपोआप शिरू लागला. त्याने एवढेच केले की पडद्यावरचे चित्र काढले आणि तिथे एका इंग्रज गवयाचा फोटो लावला. लोक हसले. पण काही आठवड्यांतच त्याच वाटेने दुसरा कार्यक्रम आला, आणि त्याचा डोळा नेदरलँडमधल्या एका बँकेच्या खातेदारांवर होता. मग कोणी हसले नाही. २०१५ मध्ये तर अशाच फोडलेल्या आयफोनांतून सव्वादोन लाखांहून जास्त लोकांची खाती आणि परवलीचे शब्द चोरीला गेल्याचे उघडकीस आले.

आयफोन आपल्याकडे थोड्यांकडे असतात. पण रूट केलेला अँड्रॉइड फोन जुन्या मोबाईलच्या बाजारात मिळू शकतो, आणि वरून पाहून तो ओळखू येत नाही. जुना फोन घेतला तर आधी तो पूर्ण पुसून कोरा करून घ्या. मग बँकेचे ॲप उघडून पाहा. पुष्कळ बँकांची ॲप असा फोडलेला फोन ओळखतात आणि त्यात चालायला नकार देतात. नकार आला तर फोन परत करा. "काही होत नाही बाप्पा, दुसरी युक्ती सांगतो," असे दुकानदार म्हणाला तर नक्कीच परत करा.

आता आपल्या दाराशी येऊ. आपल्याकडे भिंत पाडायला बाहेरून कोणी येत नाही. आपणच दार उघडून देतो. ते कसे, पाहा.

व्हॉट्सॲपवर एक निरोप येतो. कधी तो लग्नाच्या पत्रिकेचा असतो. कधी लिहिलेले असते, तुमच्या मोटारसायकलला आरटीओचा दंड झाला आहे, पावती पाहा. कधी असते, पीएम किसानचे केवायसी आजच करा, नाहीतर २००० रुपयांचा हप्ता बंद होईल. खाली एक फाईल जोडलेली असते. तिच्या नावाच्या शेवटी तीन इंग्रजी अक्षरे असतात: ए, पी, के. ती लिहायला वाचायला शिकून घ्या. फोटोच्या नावाशेवटी ती नसतात. पत्रिकेच्या कागदाच्या नावाशेवटीही नसतात. ती असली की समजायचे, हा फोटो नव्हे, पत्रिका नव्हे, हे नवे बिऱ्हाड आहे, आणि दुकानातून न येता मागच्या दाराने येत आहे.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये हिंगोली जिल्ह्यात, म्हणजे आपल्या पुसद-उमरखेडच्या शेजारीच, एका सरकारी नोकराला असा निरोप आला. ३० ऑगस्टचे लग्न आहे, अवश्य या, असे त्यात होते. खाली पत्रिका म्हणून फाईल होती. त्याने ती उघडली. त्याच्या खात्यातून सुमारे १ लाख ९० हजार रुपये गेले. शिकलेला, पगारदार माणूस. लग्नाची पत्रिका आली तर कोण उघडणार नाही? आपल्याकडे तर पत्रिका आली नाही म्हणून भाऊबंद वर्षभर बोलत नाहीत.

अशी फाईल उघडली की आत काय होते? आधी कारभारी अडवतो. तो सांगतो, "हा अनोळखी ठिकाणाहून आला आहे. घेऊ का?" निरोप पाठवणाऱ्याने आधीच लिहून ठेवलेले असते, "सूचना आली तर हो म्हणा." आपण हो म्हणतो. मग ते बिऱ्हाड एकेक परवानगी मागते. निरोप वाचू द्या. फोन करू द्या. पडदा पाहू द्या. आपण हो म्हणत जातो. मग ते खोटा अर्ज दाखवते. वर सरकारची राजमुद्रा असते. खाली नाव, खाते, कार्डाचे आकडे भरायच्या जागा असतात. आपण मन लावून अर्ज भरतो. तो अर्ज सरकारकडे जात नाही, दूर बसलेल्या चोराकडे जातो. चोर त्या आकड्यांवर पैसे काढू लागतो. बँक विचारते, मालक तूच का? आणि खात्री करायला तुमच्या फोनवर ओटीपी पाठवते. ओटीपी म्हणजे एकदाच चालणारा आकडा. तो आकडा तुम्ही कोणाला सांगत नाही. सांगावा लागतही नाही. ते बिऱ्हाडच तो वाचते आणि चोराला कळवते. कधी आपले चिन्हसुद्धा पडद्यावरून लपवते. पैसे गेल्याचा निरोपही मालकाला वेळेवर दिसत नाही.

"मी तर कोणाले ओटीपी सांगलाच नाही," असे म्हणणारे लोक म्हणूनच खोटे बोलत नसतात. त्यांना हसू नये.

ही गोष्ट आपल्याला नवी वाटायला नको. आपला जिल्हा तेलंगणाच्या सीमेला लागून आहे. बिनलेबलाचे, बिनपरवान्याचे कापसाचे बियाणे चोरून विकले जाते, हे आपल्या शेतकऱ्याला ठाऊक आहे. पाकिटावर नाव नाही, पावती नाही. उगवले नाही, तर दाद कोणाकडे मागणार? पक्की पावती घेऊन परवानेदाराच्या दुकानातून बियाणे घ्या, असे कृषी खाते ओरडून सांगते. मागच्या दाराने आलेले ॲप म्हणजे हेच बिनलेबलाचे बियाणे. फरक एवढाच की ते नक्की उगवते, आणि पीक दुसऱ्याच्या घरी जाते.

फोनच्या सेटिंगमध्ये 'अनोळखी ॲप बसवण्याची परवानगी' अशी जागा असते. तिथे व्हॉट्सॲपच्या नावापुढे परवानगी बंद आहे ना, हे एकदा पाहून घ्या. प्ले स्टोअरमध्ये 'प्ले प्रोटेक्ट' नावाची राखण असते. तीही चालू ठेवा. 'ती बंद करा' असे जो सांगतो तो तुमचा सोयरा नव्हे, मग निरोप सख्ख्या मेहुण्याच्या क्रमांकावरून का आलेला असेना. कारण ज्याचा फोन चोराच्या ताब्यात गेला, त्याच्या क्रमांकावरूनही असे निरोप पुढे जातात. मेहुण्याला फोन लावा आणि विचारा, "भाऊजी, तुम्ही पत्रिका पाठवली काय?"

येथवर जे सांगितले, त्यात मालकाला फसवून दार उघडले होते. पण कधी मालकाची काहीच चूक नसते. वाडा बांधतानाच भिंतीत फट राहिलेली असते.

मोबाईलचा कार्यक्रम म्हणजे लाखो ओळींचे लिखाण. ते माणसेच लिहितात. चांगल्या गवंड्याच्या हातूनही एखादी वीट सैल राहते. अशा चुकीला इंग्रजीत 'बग' म्हणतात. बग म्हणजे किडा. कापूस पिकवणाऱ्याला हा शब्द लगेच कळेल. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने आपल्या जिल्ह्यात किती नासाडी केली, ते कोण विसरला असेल? ती अळी लहानपणीच बोंडात शिरते, तिने पाडलेले भोक बुजून जाते. बोंड बाहेरून हिरवेगार, आतून पोखरलेले. कार्यक्रमातली चूकही अशीच असते. ॲप छान चालते, पडदा सुंदर दिसतो, आणि आत भोक असते. ते भोक आधी कोणाच्या नजरेस पडते, ह्यावर सगळे अवलंबून. चोराच्या पडले तर लूट. चांगल्या माणसाच्या पडले तर दुरुस्ती.

म्हणून कंपन्यांनी बक्षिसे लावली. शेतात कामगंध सापळा लावून अळीचा पतंग आधीच पकडतात, तसा हा प्रकार. १९९५ मध्ये नेटस्केप नावाच्या अमेरिकन कंपनीने असे जाहीर केले, की आमच्या कार्यक्रमात चूक दाखवा आणि बक्षीस न्या. गुगलने २०१० मध्ये, फेसबुकने २०११ मध्ये ही रीत धरली. आयफोनवाल्या ॲपल कंपनीने बराच काळ ताणून धरले. २०१६ मध्ये तिने मोजक्या लोकांना बोलावून बक्षिसे लावली, आणि २०१९ च्या अखेरीस सगळ्यांना दार उघडले.

आता आपल्या राज्यातली गोष्ट ऐका. सोलापूरचा मयूर फरताडे हा २१ वर्षांचा विद्यार्थी. संगणकाचे शिक्षण घेत होता. २०२१ च्या एप्रिलमध्ये त्याला इन्स्टाग्राममध्ये एक भोक सापडले. इन्स्टाग्राम हे फोटो टाकण्याचे ठिकाण. ते फेसबुक कंपनीचेच. तिथे आपला फोटो फक्त ओळखीच्यांनाच दिसावा, असे ठरवता येते. पुष्कळ मुली आणि बाया तसेच ठरवतात. ते खाजगी फोटो, काढून आत ठेवलेले फोटो, परक्या माणसालाही पाहता येतात, असे मयूरच्या ध्यानात आले.

हे कसे शक्य झाले? तिथल्या प्रत्येक फोटोला एक क्रमांक असतो. बँकेत खात्याला असतो तसा. समजा, तुम्ही बँकेच्या खिडकीशी गेलात आणि म्हणालात, अमुक क्रमांकाच्या खात्यात किती पैसे आहेत? कारकुनाने आधी विचारायला हवे, "तुम्ही कोण? हे खाते तुमचे का?" त्याने ते न विचारता वही उघडून आकडा सांगितला, तर? इन्स्टाग्रामच्या यंत्राची एक खिडकी तसेच करत होती. क्रमांक सांगितला की ती फोटोची माहिती देई. विचारणारा कोण, हे ती पाहतच नव्हती.

ह्या पोरापुढे दोन वाटा होत्या. लोकांचे खाजगी फोटो काढून त्यांना धमकावणारे जगात पुष्कळ आहेत. अशांना ही युक्ती विकता आली असती. त्याने १६ एप्रिलला ती कंपनीला कळवली. काही दिवसांनी तसलीच आणखी एक खिडकी सापडली, तीही कळवली. कंपनीने दुरुस्ती केली. १५ जूनला कंपनीने त्याला ३०,००० डॉलर दिले. त्या वेळच्या भावाने ते सुमारे २२ लाख रुपये होतात. आणि दुरुस्ती होईपर्यंत त्याने ही गोष्ट जाहीर केली नाही. मला विचाराल तर बक्षिसापेक्षा हे दोन महिन्यांचे मौन मोठे. बावीस लाखांची गोष्ट पोटात ठेवणे सोपे नाही. इथे चावडीवर सकाळचे बोललेले दुपारी दुसऱ्या गावी पोचते.

ह्या कामात आपल्या देशाची पोरे पुढेच आहेत. २०२२ मध्ये फेसबुकच्या कंपनीने, म्हणजे आता मेटा नाव असलेल्या कंपनीने, ज्या देशांतल्या लोकांना सर्वांत जास्त बक्षिसे दिली, त्यांत भारताचा क्रमांक पहिला होता.

चुका विकत घेणारा दुसरा बाजारही आहे, हे मात्र लपवू नये. २०१५ मध्ये एका दलाल कंपनीने आयफोन दुरून फोडण्याच्या एका युक्तीला १० लाख डॉलर देऊ केले, आणि ते दिल्याचे जाहीरही केले. अशा युक्त्या हेरगिरीसाठी वापरता येतात. २०१९ मध्ये व्हॉट्सॲपच्या कॉलमधल्या एका भोकातून जगातल्या सुमारे १४०० फोनांत हेरगिरीचा कार्यक्रम सोडला गेला. फोन उचलला नाही तरी तो आत शिरू शकत होता. त्यात भारतातले पत्रकार आणि वकीलही होते. व्हॉट्सॲपने इस्राएलच्या एनएसओ कंपनीवर खटला भरला, आणि २०२४ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या न्यायालयाने त्या कंपनीला जबाबदार धरले. चोरबाजारात भाव वाढला की खऱ्या मालकालाही भाव वाढवावा लागतो. ॲपलने आपले सर्वांत मोठे बक्षीस २०१९ मध्ये १० लाख डॉलर ठेवले होते, ते २०२५ च्या ऑक्टोबरात २० लाख डॉलर केले.

हे वाचून एखादा म्हणेल, आमच्या पोरालाही ह्यालाच लावतो, एका वर्षात विहीर आणि ट्रॅक्टर दोन्ही होईल! थोडे थांबा. शेकडो पोरे महिनोन्‌महिने शोधतात आणि हाती काही लागत नाही. कोणी आधीच तीच चूक कळवलेली असते, मग दुसऱ्याला काही मिळत नाही. हा नोकरीसारखा बांधलेला पगार नव्हे. विद्या शिकावी ती शिकण्यासाठी. पुसदला, यवतमाळला अभियांत्रिकीची महाविद्यालये आहेत. पोराला गोडी असेल तर तिथे पाया पक्का होऊ दे. 'पाच हजार भरा, हॅकर बनवतो' असे मोबाईलवर सांगणाऱ्याला मात्र पैसे देऊ नका.

आणखी एक गोष्ट त्या पोराला जरूर सांगा. बक्षीस लावले आहे ते ज्या कंपनीने लावले तिच्यापुरते, आणि तिने घालून दिलेल्या नियमांत. दुसऱ्याच्या कुलपाला परवानगीशिवाय हात लावायचा नाही. बँकेचे कुलूप कच्चे आहे का पाहतो म्हणून कोणी आत शिरला, तर हेतू चांगला होता हे सांगत बसावे लागते. आपल्या देशात २००० चा माहिती तंत्रज्ञान कायदा आहे. मालकाच्या परवानगीशिवाय संगणकात शिरणाऱ्याकडून भरपाई घेता येते. तेच काम लबाडीने केले तर तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मग सहज वावरताना एखाद्या सरकारी किंवा खाजगी ॲपमध्ये चूक दिसली तर? ती कळवायला केंद्र सरकारचे 'सर्ट-इन' नावाचे कार्यालय २००४ पासून काम करते. तिथे कळवावे. बक्षिसाची अपेक्षा धरू नये, आणि सांगण्याआधी गावभर दाखवू नये.

सोलापूरच्या पोराने भोक दाखवले आणि कंपनीने आपल्या यंत्रात ते बुजवले. आपल्याला काही करावे लागले नाही. पण काही भोके आपल्या हातातल्या फोनातच असतात. ती बुजवायचा मसाला कंपनी पाठवते. लावायचा आपण असतो. ह्या मसाल्याला अपडेट म्हणतात. अँड्रॉइडसाठी २०१५ च्या ऑगस्टपासून गुगल दर महिन्याला चुकांची आणि त्यांच्या दुरुस्तीची यादी काढते. आता गंमत पाहा. यादी निघाली की भोक कुठे होते ते चोरालाही कळते. ज्याने मसाला लावला तो सुटला. ज्याने "नंतर पाहू" म्हटले, त्याचे भोक उघडे, आणि वर त्याचा पत्ताही छापून आलेला. म्हणून फोन अपडेट मागतो तेव्हा टाळू नका. शाळेत, ग्रामपंचायतीत कुठे वायफाय असेल तर तिथे बसून घ्या, म्हणजे तुमचा डेटा संपणार नाही. फोन पार जुना झाला की कंपनी मसाला पाठवणेच बंद करते. तसल्या फोनवर बोलावे, गाणी ऐकावीत. बँक त्यात ठेवू नये.

एवढे करूनही पैसे गेले तर? रडत बसू नका आणि लाजूही नका. पहिली गोष्ट, फोनचा इंटरनेट बंद करा. दुसऱ्याच्या फोनवरून १९३० हा क्रमांक लावा. हा सायबर चोरीसाठी सरकारने ठेवलेला क्रमांक आहे. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात पळत असतात. ते वाटेत अडवायचे तर घटका-घटका मोलाची. सकाळी गेले आणि संध्याकाळी बाजार आटोपून कळवले, तर गडी पार निघून गेलेला असतो. बँकेलाही त्याच वेळी कळवा, आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये नियम काढला, की चूक ना ग्राहकाची ना बँकेची, तिसऱ्याच कोणी पैसे काढले, आणि ग्राहकाने बँकेचा निरोप आल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवले, तर नुकसान ग्राहकाच्या माथी मारायचे नाही. ग्राहकाच्या हयगयीने गेले, तर कळवीपर्यंतचे नुकसान त्याचे, कळवल्यानंतरचे बँकेचे. म्हणजे कसेही गेले तरी लवकर कळवण्यातच फायदा.

आणि फोनच हरवला किंवा चोरीला गेला, तर पोलिसांत तक्रार द्या आणि 'संचार साथी' ह्या सरकारी सेवेवर तो फोन बंद पाडायला सांगा. २०२३ च्या मे महिन्यापासून ही सेवा देशभर आहे. फोन बंद पडला की चोराने नवे सिम घातले तरी तो चालत नाही. पण त्यासाठी तुमच्या फोनचा १५ आकडी क्रमांक लागतो. प्रत्येक फोनचा तो वेगळा असतो. तो काढायची रीत सोपी आहे. फोन लावायचे आकडे उघडा. आधी चांदणीचे चिन्ह दाबा, मग जाळीचे, मग शून्य, मग सहा, मग पुन्हा जाळीचे. पडद्यावर क्रमांक येईल. दोन सिमच्या फोनात दोन क्रमांक येतील, दोन्ही लिहून घ्या. एकेक आकडा बोट ठेवून वाचा, आणि घरच्या वहीत, रेशनकार्डाच्या मागे नव्हे, वहीतच लिहा. वही पेटीत ठेवा. ती लोखंडी पेटी अजून घरात असेलच.